वकील कोण आहे?

विमा कंपनीच्या क्लेम खात्यात अपघाताची नवी फाइल आली की पहिला प्रश्न ठरलेला असे: वकील कोण आहे? माणूस गेला की जखमी आहे, वय काय, चूक कोणाची, हे सगळं त्यानंतर. बाहेरच्याला हे ऐकून राग येईल, पण आमच्या खात्यात दाव्याचं वजन आधी वकिलाच्या नावावरून ठरायचं. तीच जखम, तेच वय, तोच पगार. पण एका वकिलाच्या फाइलवर साहेब ‘लोक अदालतीत ठेवा, मिटवून टाका’ असा शेरा मारत आणि दुसऱ्याच्या फाइलवर ‘लढवू’. हे मी वर्षानुवर्षं पाहिलं, आणि पुढे त्या खुर्चीवर बसल्यावर तसे शेरे मीही मारले.

मी एका सरकारी विमा कंपनीत लागले तेव्हा 1939चा जुना मोटार वाहन कायदा चालू होता. 1988चा नवा कायदा आला, तो 1 जुलै 1989पासून लागू झाला, आणि उरलेली नोकरी त्याच्या कलम 166खाली आलेले दावे वाचण्यात गेली. वकिलीची सनद माझ्याकडे नाही. मी समोरच्या बाजूची. निवृत्त झाल्यावर शिवाजी पार्कला संध्याकाळी फेरी मारताना कट्ट्यावर कोणीतरी गाठतंच. ‘ताई, तुम्ही त्या लाइनमधल्या ना? भाच्याला गाडीने उडवलंय. एखादा चांगला वकील सांगा. जवळचाच बघा.’

नाव मी सांगत नाही. पण ‘जवळचाच’ ही मागणी मला चुकीची वाटत नाही, फक्त तिचं कारण लोकांना वाटतं त्याहून वेगळं आहे. त्यांना वाटतं, पाय प्लास्टरमध्ये असताना लांब कुठे जायचं. ते खरंच आहे. पण जवळच्या वकिलाचा खरा उपयोग पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होतो, आणि तेव्हा बहुतेकांनी वकील नेमलेलाच नसतो.

एक फाइल आठवते. टिळक पूल उतरून आलेल्या टेम्पोने एका बाईंना उडवलं होतं. टेम्पोवाल्याचं म्हणणं, बाई मध्येच धावत आल्या. आमच्या इन्व्हेस्टिगेटरनेही तसंच लिहून दिलं होतं, आणि अर्धी चूक बाईंच्या पदरात टाकायची आमची तयारी झाली होती. त्यांची वकील गोखले रोडवरच बसणारी तरुण मुलगी. केस हातात येताच ती त्या जागेवर गेली, समोरच्या दुकानदारांकडे कॅमेऱ्याची चौकशी केली, आणि एकाकडचं चित्रण पुसलं जायच्या आत काढून घेतलं. अशी चित्रणं फार दिवस राहत नाहीत. यंत्र जुन्यावर नवं चढवत जातं. तिने दुकानदाराचं प्रमाणपत्रही तेव्हाच घेतलं, कारण त्याशिवाय असा पुरावा कोर्टात टिकत नाही. चित्रणात बाई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. आमच्या वकिलांनी ते पाहिलं आणि बाईंच्या चुकीचा मुद्दाच सोडून दिला. दुकानदार तिला चेहऱ्याने ओळखत होता म्हणून त्याने तिला आत घेतलं. फोर्टातल्या मोठ्या ऑफिसातून आलेल्या कारकुनाला त्याने दारातूनच परत पाठवलं असतं.

पण जवळ दलालही असतो, हे विसरून चालत नाही. आपल्याकडे वकिलाला जाहिरात करता येत नाही; बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36ने ती बंद आहे, आणि दलालामार्फत अशील गोळा करणंही त्याच नियमाने बंद आहे. नियमाचा पहिला भाग सगळे पाळतात. दुसऱ्याचं काय होतं ते एखाद्या मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागाबाहेर तासभर उभं राहिलं की दिसतं. पेशंट अजून एक्स-रेला गेलेला असतो आणि त्याच्या बायकोच्या हातात कोणीतरी कार्ड ठेवतं. ‘एक पैसा द्यायचा नाही, मावशी. इथे सही करा फक्त.’ 2023च्या दुरुस्तीने ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये दलालांविरुद्ध 45अ हे कलम आलं, कोर्टांना त्यांच्या याद्या लावता येतात, शिक्षाही आहे. कार्ड अजून फिरतंच आहे.

या सह्यांमुळे कसं वाटोळं होतं त्याची एक फाइल. कुरिअरचा मुलगा, मांडीचं हाड मोडलेलं. आईने हॉस्पिटलात एका कार्डवाल्याच्या कागदावर सही केली, कशावर ते तिला माहीत नव्हतं. तिकडे गावी मामाने ओळखीच्या वकिलाला मुलाच्या सह्या आणून दिल्या. महिनाभराच्या अंतराने दोन दावे दाखल झाले, एक मुंबईत, एक गावाकडच्या जिल्ह्यात, दोन्ही आमच्याच कंपनीविरुद्ध. दोन शपथपत्रांत पगार वेगळा: एकात नऊ हजार, दुसऱ्यात चौदा. आमच्या वकिलांनी दोन्हींच्या प्रमाणित प्रती काढल्या आणि उलटतपासणीत शांतपणे विचारलं, ‘यातलं खोटं कुठलं?’ मुलगा खोटारडा नव्हता. चौदा हा त्याचा खरा आकडा होता, ओव्हरटाइम धरून. पण त्या प्रश्नानंतर त्याच्या खऱ्या आकड्यालाही किंमत उरली नाही.

पगाराच्या त्या आकड्याने काय होतं, हे लोकांना हिशोब मांडून दाखवल्याशिवाय पटत नाही. समजा, बत्तीस वर्षांचा माणूस गेला. स्वतःचा लहान धंदा, घरात बायको, दोन मुलं आणि आई. महिना पंधरा हजार मिळवत होता हे सिद्ध झालं, तर प्रणय सेठी प्रकरणातल्या 2017च्या घटनापीठाच्या निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारवाल्याला पुढच्या वाढीपोटी 40 टक्के धरतात, झाले 21,000. चार माणसं अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा, राहिले 15,750. वर्षाचे 1,89,000. सरला वर्मा प्रकरणातल्या 2009च्या तक्त्यात 31 ते 35 वयाला गुणक 16. म्हणजे 30,24,000. आता कमाईचा एकही कागद आणला नाही आणि अपघाताचे दावे चालवणाऱ्या ट्रिब्युनलने अंदाजाने आठ हजार धरले, तर त्याच गणिताने येतात 16,12,800. माणूस तोच, अपघात तोच. चौदा लाखांचा फरक पडला तो बँकेचं पासबुक, माल घेतल्याची बिलं आणि एखादा घाऊक व्यापारी साक्षीला आणला की नाही, एवढ्यावर. शिवाय व्याज सहसा अर्ज दाखल झाल्या तारखेपासून मिळतं. वकिलाने अर्ज कपाटात ठेवला की तेवढ्या महिन्यांचं व्याज आमचं वाचायचं.

म्हणून कट्ट्यावर कोणी म्हणतं, ‘त्यांनी पन्नास लाखांचा दावा टाकलाय, जबरदस्त वकील आहे,’ तेव्हा मला काही वाटत नाही. अर्जातला आकडा कोणीही टाकेल. नागप्पा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2002च्या अखेरीस सांगून ठेवलंय की पुरावा असेल तर ट्रिब्युनल मागितल्यापेक्षा जास्तही देऊ शकतं. मोठा आकडा टाकून अशिलाला खूश करणारे वकील आम्हाला आवडायचे. त्यांची मेहनत तिथेच संपायची.

धास्ती वाटायची ती वेगळ्याच लोकांची. त्यातले एक लालबागच्या एका चाळीत तळमजल्यावर बसायचे. इंग्रजी बेतास बात, कोट उन्हाने विटलेला. त्यांच्याकडे एकदा परळच्या एका गणपतीच्या कारखान्यातला कारागीर आला. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा. स्कूटरवरून पडून उजव्या हाताची दोन बोटं आखडली होती. दाखल्यावर अपंगत्व 22 टक्के, तेही त्या हाताचं. सबंध शरीराचं धरलं तर आणखी कमी. आमच्या हिशोबाने फाइल किरकोळ होती. हात आहे, पाय आहेत, दिसतं, चालतं, कारखान्यात कामालाही जातो.

त्या वकिलांनी कारखान्याच्या मालकाला साक्षीला बोलावलं. त्याने सांगितलं की माणूस कामाला येतो खरा, पण आता साच्यातून काढलेल्या मूर्ती घासायचं काम करतो; आखणीची मजुरी वेगळी आणि घासायची वेगळी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आखणी करणाऱ्याला जे मिळतं त्यावर त्याचं निम्मं वर्ष निघतं. मग डॉक्टरांना बोलावलं. नुसता दाखला जोडून भागवलं नाही. त्यांना एकच विचारलं: या बोटांत बारीक कुंचला धरून हात न थरथरता रेघ ओढता येईल का? डॉक्टर म्हणाले, नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच समजावलंय: डावा हात गेलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ सगळी जाते, सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित तशीच राहते, टक्के शरीराचे मोजून थांबायचं नाही, कामाचे मोजायचे. तो निकाल आमच्या प्रत्येक वकिलाला पाठ होता. पण तो लागू करण्यापुरता पुरावा समोरून आला नाही तर आम्ही कशाला आठवण करून देऊ? त्या दिवशी पुरावा आला. बाहेर व्हरांड्यात आमचे वकील मला म्हणाले, ‘मॅडम, आता तडजोडीचं बघा.’

नंतर मी त्या लालबागच्या वकिलांना विचारलं होतं, ही आखणीची गोष्ट तुम्हाला सुचली कशी? ते म्हणाले, ‘सुचली कसली? त्याला विचारलं, बाबा, तू दिवसभर करतोस काय? तो तासभर सांगत बसला.’

हा तासभर मोठ्या ऑफिसात मिळत नाही. आमच्या पार्कातल्याच एका खात्यापित्या घराने हायकोर्टातलं फार मोठं नाव नेमलं होतं. नाव फाइलवर बघून आमच्या साहेबांनी भुवया उंचावल्या. पहिल्या तारखेला ज्युनिअर आला, दुसऱ्या तारखेला ज्युनिअरचा ज्युनिअर, पुढे दर वेळी नवा चेहरा आणि ‘माय लॉर्ड, तारीख हवी’. शेवटी कोणीच आलं नाही आणि अर्ज गैरहजेरीत निकाली निघाला. तो परत बोर्डावर घ्यायला वर्ष गेलं. तोवर जखमी गृहस्थांचा जुना मालक दुकान बंद करून गावी गेला होता. पगाराचा साक्षीदार गेला. ते ज्येष्ठ वकील वाईट होते असं नाही. अपिलात ते अप्रतिम काम करत, आणि कलम 173खाली हायकोर्टात जायची वेळ आली तर मीही अशा माणसाकडेच जाईन. पण ट्रिब्युनलमधलं काम पुराव्याचं, चिकाटीचं आणि काहीसं कंटाळवाणं असतं, आणि ते नाव मोठं झाल्यावर माणसाच्या हातून होत नाही.

आमचा सगळ्यात लाडका कागद कुठला, हेही सांगून टाकते. हॉस्पिटलात पहिल्या तासात भरला जाणारा केस पेपर. जखमीला आणणारा रिक्षावाला किंवा घाबरलेला भाऊ विचारल्यावर म्हणतो, ‘गाडीवरून पडला.’ तेवढंच लिहिलं जातं. दुसऱ्या गाडीने धडक दिली हे तिथे नसतं. दोन वर्षांनी आम्ही तो कागद कोर्टात काढायचो: बघा, स्वतःच पडला. म्हणून पहिल्या भेटीत वकिलाने काय मागितलं ते मी लोकांना विचारते. आधार कार्ड आणि दोन फोटो मागणारा एक प्रकारचा. पहिला केस पेपर, एफआयआर आणि घटनास्थळाचा पंचनामा मागून, चष्मा लावून तुमच्यासमोर वाचणारा दुसऱ्या प्रकारचा.

कोकणात अपघात झाला की हा गोंधळ दुप्पट होतो. दादर-परळकडची माणसं गणपतीला, शिमग्याला मुंबई-गोवा हायवेने जातात, आणि माणगाव-महाडच्या आसपास काही झालं तर समजतात की केसही तिकडेच चालणार. तसं नाही. अर्जदार जिथे राहतो तिथल्या ट्रिब्युनलमध्येही अर्ज करता येतो, निवड त्याची. मग लोक दुसऱ्या टोकाला जातात: मुंबईचा वकील धरतात आणि तिकडचं पोलीस ठाणं, ग्रामीण रुग्णालयातला पहिला कागद, सगळं वाऱ्यावर सोडतात. मी पाहिलेल्या नीट झालेल्या केसेसमध्ये मुंबईच्या वकिलाचा तिकडच्या तालुक्याच्या कोर्टात एखादा स्नेही असायचा, आणि तो पहिल्या आठवड्यात नकला काढून पाठवायचा.

पहिल्या आठवड्याचं मी इतकं बोलते त्याला नवं कारणही आहे. 1994पासून या अर्जांना मुदतच नव्हती. 2019च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि 1 एप्रिल 2022पासून सहा महिने झाली. त्याच तारखेपासूनच्या नियमांनी पोलिसांवरही बंधन आलं: अठ्ठेचाळीस तासांत पहिला अपघात अहवाल आणि नव्वद दिवसांत सविस्तर अहवाल ट्रिब्युनलकडे. ‘बरा हो आधी, मग बघू’ असं सांगणारे जुने वकील अजून भेटतात. त्यांच्या काळात ते चालून जायचं.

रेल्वेचं मात्र खातंच वेगळं. दादरला गाडीतून पडलेल्या माणसाचे नातेवाईक मोटार अपघाताच्या वकिलाकडे जातात आणि तो घेतोही. तो दावा रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलचा. मुदत एक वर्ष. मृत्यूला 2017पासून आठ लाख ठरलेले, पगार कितीही असो. तिथे सगळी लढाई एकाच गोष्टीवर: माणूस गाडीतून पडला की रूळ ओलांडत होता. त्या कामाचे वकील वेगळे आहेत, त्यांच्याकडेच जावं.

राहिलं फीचं. हा विषय निघाला की कट्ट्यावर सगळे आवाज खाली आणतात. मिळालेल्या रकमेत वाटा ठरवणं बार कौन्सिलच्या नियम 20ने वकिलाला मना आहे. आणि मुंबईत अपघाताचे बहुतेक दावे टक्क्यांवर चालतात, हे ट्रिब्युनलच्या आवारातल्या चहावाल्यालाही माहीत आहे. कुठे दहा, कुठे वीस, काही ठिकाणी त्याहून बरंच वर. मला यात सरळ निषेध करता येत नाही. हात मोडून घरी बसलेला लोडर आगाऊ फी कुठून आणणार? जे वाईट पाहिलं ते निराळं: वकीलपत्राबरोबरच बँकेत नवं खातं उघडायला लावून चेकबुकावर आधीच घेतलेल्या सह्या. सर्वोच्च न्यायालयाने सुसम्मा थॉमस प्रकरणात 1993-94मध्येच सांगितलं होतं की विधवा, मुलं, अशिक्षित अर्जदार यांची रक्कम मुदत ठेवीत ठेवा, लुबाडणूक होऊ देऊ नका. ट्रिब्युनल्स तसं करतात, आणि आता रक्कम थेट अर्जदाराच्या खात्यात जमा करण्यावर भर आहे. पण खात्याचं चेकबुकच दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये असेल तर कोर्टाने काय करावं? कोऱ्या चेकवर सही मागितली की तिथूनच उठून यावं, एवढं मी नाव न सांगताही सांगते.

दादरमधल्या एका बाई वकिलांची पद्धत मला आवडायची. त्या एका कागदावर टप्पे लिहून देत: अर्ज दाखल करताना इतके, पुरावा झाला की इतके, युक्तिवादाला इतके, आणि प्रत्येक वेळी पावती. पण त्यांच्याकडे येणारे अशील नोकरदार होते.

ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि याची माहिती शिकलेल्या घरांतही नसते. 1987च्या कायद्याच्या कलम 12प्रमाणे स्त्रीला, मुलांना, अपंग व्यक्तीला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. स्त्रीच्या बाबतीत उत्पन्नाची अट नाही. कट्ट्यावर हे सांगितलं की समोरचा मान हलवतो आणि म्हणतो, ‘ताई, फुकटचा वकील कसला असणार?’ माझ्या समोर प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे वकील येत. काही जण तारखेपुरते उभे राहत, तर काही जण असे होते की त्यांचं नाव फाइलवर दिसलं की साहेब लढवण्याचा शेरा मारत नसत. नेमलेला वकील काम करत नसेल तर प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करून बदलून मागता येतो. मागच्या महिन्यात एका बाईंना तो अर्ज मीच लिहून दिला, त्यांच्या मुलाच्या वहीच्या पानावर. दोन आठवड्यांत नवा वकील मिळाला, आणि त्याने पहिल्याच दिवशी हॉस्पिटलचा पहिला केस पेपर मागितला.